ओठ जागा होईपर्यंत

दाढ काढून झाली, कापसाचा बोळा दातांखाली धरला, डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी हातात दिली, की खुर्चीतून उठणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा दुखण्याचा नसतो. ‘आता कामावर जाऊ का?’ असे तो विचारतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात, पैनगंगा अभयारण्याच्या मुलखात असलेल्या ढाणकीसारख्या गावात तर हा प्रश्न सोडवल्याशिवाय दाढेचे काम पुरे होत नाही. गावाला नगरपंचायत मिळाली, बाजारपेठ वाढली, तरी घरोघरचे गणित अजून कापूस आणि सोयाबीनवरच चालते. दाढेसाठी उमरखेड, पुसद किंवा पैनगंगेपलीकडे नांदेड गाठायचे ठरले, तर येण्याजाण्यातच दिवसाचा मोठा तुकडा संपतो. उरलेला तरी हाती लागावा, असे माणसाला वाटणारच.

उत्तर सोपे नाही, कारण ते दाढेइतकेच कामावर अवलंबून असते. किराणा दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला जे चालते, ते पाठीवर फवारणीचा पंप घेणाऱ्याला चालत नाही. आणि दोघांच्याही तोंडात एकच औषध गेलेले असते.

त्या औषधाचे नाव लिग्नोकेन. लिडोकेन हे त्याचेच दुसरे नाव. आपल्याकडे दातांच्या दवाखान्यात ते बहुधा दोन टक्क्यांचे असते आणि त्यात ॲड्रेनालिन मिसळलेले असते. प्रमाण ऐंशी हजारास एक. म्हणजे वीस लिटरचे चार कॅन भरून पाणी घ्यावे आणि त्यात एक ग्रॅम ॲड्रेनालिन टाकावे, इतके विरळ. तरीही त्याचा परिणाम मोठा होतो. ॲड्रेनालिन आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे लिग्नोकेन रक्तातून लवकर वाहून जात नाही आणि जिथे टोचले तिथेच टिकते. ॲड्रेनालिन नसेल तर दाताच्या आतली बधिरता पाच-दहा मिनिटांतच ओसरते. असेल तर ती सुमारे तासभर पुरते. मात्र ओठ, गाल आणि जीभ यांची बधिरता तीन ते पाच तास रेंगाळते.

सगळा घोळ या दोन वेळांमधल्या फरकात आहे. दाढेचे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकते, पण ओठ त्यानंतर कितीतरी वेळ झोपलेला राहतो. अभयारण्याच्या कडेच्या गावांत रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्री जागलीला जातात. तोंडातल्या वेदनेचे कामही असेच जागलीचे आहे. चहा पोळतो आहे, गाल दातांखाली आला आहे, जखमेतून रक्त वाहते आहे, हे ती सांगते. डॉक्टर आपल्या कामापुरता हा जागल्या झोपवतात. पण काम संपल्यावर त्याला हाक मारून उठवता येत नाही. तो आपल्या वेळेनेच उठतो.

‘भूल’ या शब्दानेही थोडा गोंधळ होतो. भूल म्हटले की शुद्ध हरपणे डोळ्यांसमोर येते. म्हणून कित्येक जण दाढ काढायला उपाशीपोटी येतात. काही जणांचा त्याच दिवशी उपवासही असतो. दाताच्या इंजेक्शनने मेंदू झोपत नाही. मज्जातंतूमधून निरोप पुढे जातो तो सोडियमचे कण तंतूच्या आत शिरतात म्हणून. लिग्नोकेन ही आत शिरण्याची दारे काही काळ बंद करते. निरोप निघतो, पण पुढे सरकत नाही. माणूस पूर्ण शुद्धीत असतो. उलट रिकाम्या पोटी, भीतीने आणि टोचण्याच्या क्षणी घेरी येण्याचीच शक्यता जास्त, आणि दातांच्या दवाखान्यात सर्वाधिक वेळा दिसणारी तातडीची घटना हीच. दाढ काढायला जाताना पोटभर नाही तरी थोडे जेवून जावे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

कामावर परतण्याच्या या प्रश्नाचा सर्वांत करुण धडा ज्याने दिला, तो स्वतः एक नामांकित शल्यचिकित्सक होता. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले आणि ती बातमी काही आठवड्यांत जगभर पोचली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅल्स्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेन थेट मज्जातंतूजवळ टोचून पाहिले. खालच्या जबड्याचा तंतू ज्या जागी हाडात शिरतो तिथे औषध सोडले, की अर्धा जबडा एकदम बधिर होतो, हे त्यांनी तेव्हा सिद्ध केले. आज ढाणकीच्या माणसाची खालची दाढ काढताना सुई जाते ती याच ठिकाणी. पण हॅल्स्टेडने हे प्रयोग स्वतःवरही केले होते. कोकेनच्या व्यसनाने त्याला इतके पोखरले की त्याची न्यूयॉर्कमधली शस्त्रक्रियेची कारकीर्द थांबली आणि १८८६ मध्ये त्याला उपचारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तो पुन्हा उभा राहिला, मोठे नाव कमावले. पण अमली औषधांनी त्याची पाठ कायमची सोडली नाही.

त्यानंतरचा बराच शोध एकाच गोष्टीचा होता: बधिर करील, पण माणसाला गुलाम करणार नाही असे औषध. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्नचे प्रोकेन १९०५ मध्ये वापरात आले. नोव्होकेन या नावाने ते पन्नास वर्षे गाजले. मग १९४३ मध्ये स्टॉकहोमला नील्स लोफग्रेन आणि त्याचा विद्यार्थी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन तयार केले. लुंडक्विस्टने ते स्वतःलाच टोचून किती वेळ टिकते हे पाहिले. १९४८ मध्ये ते बाजारात आले. आज इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी कामावर जाण्याचा विचार आपण करू शकतो, तो या औषधामुळे.

आता कामांकडे वळू. आधी शाळा.

ढाणकीतल्या एखाद्या गुरुजींनी सकाळी दाढ भरून घेतली आणि अकराला ते वर्गात उभे राहिले, तर कोणती अक्षरे अडतील हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आपली वर्णमालाच ते सांगते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. त्यांना दोन्ही ओठ नीट मिटावे लागतात. त, थ, द, ध हे दंत्य. त्यांना जिभेचे टोक दातांमागे नेमके टेकावे लागते. ल आणि स यांनाही जिभेची जागा अचूक लागते. खालच्या जबड्याच्या इंजेक्शनने त्या बाजूचा अर्धा ओठ, हनुवटी आणि बहुतेक वेळा अर्धी जीभही बधिर होते. म्हणजे ‘पाठ दुसरा’ म्हणतानाच गुरुजी अडखळणार. क, ख, ग मात्र घशाजवळचे, त्यांना फारसा धक्का लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जीभ हलवणारा मज्जातंतू वेगळा आणि जिभेची जाणीव देणारा वेगळा. इंजेक्शनने गेलेली असते ती जाणीव. जीभ हलते, पण आपण कुठे आहोत हे तिला कळत नाही, म्हणून ती चुकीच्या जागी टेकते. ओठही सुजून लोंबतो आहे असे वाटते, आरशात पाहिले तर तो जागच्या जागी असतो. वाकडे बोलू, मुले हसतील, या धास्तीने सुट्टी घेण्याची गरज नाही. पहिले दोन तास फळ्यावर लिहून घेतले, उदाहरणे सोडवायला दिली, तरी काम निभते.

वरच्या दाढेचे इंजेक्शन घेतलेल्याला इतकाही त्रास होत नाही. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असते, औषध त्यातून दातापर्यंत झिरपते, म्हणून दाताजवळच थोडे टोचले तरी पुरते. अगदी मागच्या वरच्या दाढेसाठी टोचले तर ओठ बधिर होतच नाही म्हटले तरी चालेल. खालच्या जबड्याचे हाड मात्र जाड आणि घट्ट. तिथे औषध झिरपत नाही, तंतूच गाठावा लागतो. डॉक्टरांची वेळ ठरवताना दाढ वरची की खालची, हे विचारून घेतले तर दिवसाची आखणी निम्मी सोपी होते.

दुसरे ठिकाण चहाचे. दवाखान्यातून सुटलेला माणूस पहिल्यांदा चहाच्या टपरीवर थांबतो, आणि तिथेच पोळतो. वेदना आणि उष्णता यांची जाणीव ज्या बारीक तंतूंमधून जाते, ते तंतू या औषधाने आधी झोपतात. उकळता चहा ओठाला नुसता ओला लागतो. फोड दिसतो तो संध्याकाळी. ओठ बधिर असेपर्यंत कोमट किंवा गार, आणि दाढ काढलेली असेल तर दिवसभर तसेच. बिस्किट बुडवून खाण्याचा मोह दुसऱ्या बाजूने भागवता येतो, पण गाल चावला जातो तो चघळतानाच. लहान मुलांत हे फार घडते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, खालच्या जबड्याचे इंजेक्शन घेतलेल्या चार वर्षांखालच्या मुलांपैकी १८ टक्के मुलांनी स्वतःचा ओठ, गाल किंवा जीभ चावून घेतली होती. बारा वर्षांपुढच्या मुलांत हे प्रमाण ७ टक्के होते. आईबापांनी मुलाला शाळेत परत सोडण्यापूर्वी वर्गशिक्षकांना एवढे एक सांगावे.

आणि मग पानठेला. विदर्भात खर्रा किती खोलवर गेला आहे हे इथल्या कुणाला सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून केलेला हा चुरा गालात धरून कापूस वेचला जातो, ट्रॅक्टर हाकला जातो, दुकान सांभाळले जाते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, तरी खर्र्याची सवय गेली नाही. बधिर गालात खर्रा धरला तर चुना पातळ त्वचा जाळत राहतो आणि माणसाला कळतही नाही. दाढ काढलेली असेल तर थुंकताना तोंडात होणाऱ्या ओढीने जखमेतली रक्ताची गाठ निघते, तंबाखू जखम भरू देत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी हाड उघडे पडून कानापर्यंत ठणका लागतो. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. ज्यांनी तो सोसला आहे ते मूळ दाढदुखीपेक्षा त्याची आठवण जास्त काढतात.

खर्र्याचा आणखी एक परिणाम इंजेक्शनपर्यंतच पोचतो. वर्षानुवर्षे सुपारी चघळून गालांची आतली त्वचा ताठर होते, तोंड दोन बोटांइतकेही उघडेनासे होते. अशा रुग्णाला खालच्या जबड्याचे नेहमीचे इंजेक्शन देताच येत नाही. त्यासाठी दात मिटलेल्या अवस्थेतच गालाच्या आतून सुई घालण्याची पद्धत आहे. १९६० मध्ये वझिरानी यांनी आणि १९७७ मध्ये अकिनोसी यांनी तिचे वर्णन केले, म्हणून दोघांच्या नावाने ती ओळखली जाते. तोंड उघडत नाही हे कळल्यावर दाढेसोबत त्या ताठरपणाची तपासणीही करून घेतली पाहिजे. तो कर्करोगाच्या वाटेवरचा टप्पा असू शकतो.

या लेखात सर्वांत जास्त थांबायला हवे ते फवारणीपाशी.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात भरती व्हावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. जिल्हा ते वर्ष विसरलेला नाही. आता कल्पना करा, सकाळी दाढ काढून घेतलेला माणूस दुपारी पंप पाठीवर घेतो. त्याच्या तोंडात उघडी जखम आहे. नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकून मोकळे करण्याची वाईट खोड अनेकांना असते. बधिर ओठांना औषधाचा थेंब लागलेला कळणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची बाधा होऊ लागली की तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, मळमळते, नजर धूसर होते. तोंड बधिर असलेल्याची लाळ तशीही ओघळत असते. ‘इंजेक्शनमुळे असेल’ म्हणून तो माणूस आणि त्याच्या घरचे दोन तास थांबतील, आणि ते दोन तासच मोलाचे असतात. म्हणून दाढेच्या कामाच्या दिवशी फवारणी नाही, आणि दाढ काढली असेल तर जखम मिटत येईपर्यंत नाही. चुकून गेलेच आणि अस्वस्थ वाटले, तर दवाखान्यात दोन्ही गोष्टी सांगायच्या, सकाळचे इंजेक्शन आणि दुपारचे औषध. औषधाची बाटली सोबत न्यायची.

फवारणी नसली तरी शेतातले कष्ट आहेतच. सोळा लिटरचा भरलेला पंप, कापसाची गाठोडी, सोयाबीनची पोती. वाकून वजन उचलले की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. त्यात ॲड्रेनालिनची एक खुबी आहे. ते असेपर्यंत रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, जखम कोरडी दिसते. त्याचा अंमल उतरला की त्याच वाहिन्या सैल होतात आणि काही तासांनी रक्त पाझरू लागते. म्हणजे दवाखान्यात सगळे ठीक, आणि रक्त येते ते शेतात. दाढ काढल्यावर निदान एक दिवस, शस्त्रक्रिया करून अक्कलदाढ काढली असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस, जड काम बाजूला ठेवावे लागते. रात्रीच्या जागलीचेही तसेच. मचाणावर एकट्याने असताना रक्त सुरू झाले तर मदतीला कोण? त्या रात्री घरातल्या दुसऱ्या कुणी जावे. रक्त आलेच तर स्वच्छ बोळा किंवा ओला करून पिळलेला सुती कपडा अर्धा तास न उघडता घट्ट चावून धरावा. वारंवार थुंकून, चुळा भरून पाहू नये.

गाडी चालवणाऱ्यांची काळजी वेगळी असते. नुसत्या स्थानिक भुलीने डोके जड होत नाही, हातपाय ढिले पडत नाहीत. इंजेक्शननंतर काही क्षण छाती धडधडते ती ॲड्रेनालिनमुळे, आणि ती लवकर शांत होते. घेरी येत नसेल तर अर्धा-पाऊण तास थांबून मोटारसायकलने गावी येता येते. मात्र भीती घालवण्यासाठी झोपेची गोळी किंवा गुंगीचे औषध दिले असेल, तर त्या दिवशी ना गाडी, ना थ्रेशर, ना पिठाची चक्की. आणि क्वचित असेही होते की औषध मागे सरकून चेहऱ्याच्या स्नायूंच्या तंतूपर्यंत पोचते. तोंड खरोखरच वाकडे होते आणि एका बाजूची पापणी मिटत नाही. पाहणारा लकवा समजून घाबरतो. काही तासांत ते आपोआप उतरते, पण तोवर डोळा हाताने मिटून, पट्टी लावून धुळीपासून जपावा लागतो आणि गाडी चालवता येत नाही. हे दिसले तर डॉक्टरांना लगेच दाखवायचे. खरा लकवा आहे की भुलीचा परिणाम, हे त्यांनी ठरवायचे.

लग्नसराईत सनई किंवा बॅन्डमधले पितळी वाद्य वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना: वरची मागची दाढ काढली असेल तर काही दिवस फुंक नको. त्या दाढांची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातल्या पोकळीच्या अगदी जवळ असतात, आणि फुंकेच्या दाबाने जखमेतून नाकाकडे वाट उघडू शकते. शिंपीकाम करणाऱ्यांनी त्या दिवशी टाचण्या ओठांत धरू नयेत.

सुट्टीचा प्रश्न उरतो, आणि तिथे सगळे सारखे नाहीत. शिक्षक आणि सरकारी कर्मचारी किरकोळ रजा टाकू शकतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ठराविक किमान संख्येइतके कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा दिली आहे. ढाणकीतली बहुतेक दुकाने या संख्येच्या खाली भरतात. रोजाने वेचणीला जाणाऱ्या बाईला तर कोणतीच रजा नाही. दाढ काढली की त्या दिवसाचा रोज बुडाला. म्हणून ती दाढ लांबवते, किडलेल्या दाढेत लवंगेचे तेल घालते, कधी कुणाच्या सांगण्यावरून रुईचा चीक भरते आणि हिरडी पोळून घेते. पू झाल्यावर ती दवाखान्यात पोचते, तेव्हा भूलही नीट चढत नाही, कारण पू झालेल्या जागेतली आम्लता लिग्नोकेनला तंतूच्या आत शिरू देत नाही. लांबवल्याने एक दिवस वाचत नाही, दोन जातात. तिच्यासाठी खरी मदत म्हणजे वेळेची. बाजाराच्या आदल्या संध्याकाळची, किंवा पावसाने वेचणी बंद असलेल्या दिवसाची वेळ डॉक्टरांनी द्यावी, आणि तिने ती मागून घ्यावी.

अमेरिकेत २००८ मध्ये फेंटोलामाइनचे एक इंजेक्शन मंजूर झाले. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा मोकळ्या करते, त्यामुळे बधिरता लवकर निघून जाते. चाचण्यांत खालचा ओठ पूर्ववत व्हायला साधारण १५५ मिनिटांऐवजी ७० मिनिटे लागली. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांतून ते हाती नसले तरी घड्याळ सगळ्यांकडे आहे. दुपारी चारला सुई टोचली तर साडेसातच्या सुमारास हनुवटीवर मुंग्या येऊ लागतात. दाताच्या आतली जाग त्याच्या कितीतरी आधी, पाचच्या आसपास परतलेली असते, म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी ओठाची वाट न पाहता आधीच घ्यायची असते. मुंग्या ओठाच्या कडेपर्यंत सरकतात. बोटाने हलकेच दाबून पाहावे. दोन्ही बाजू सारख्या लागल्या की जेवायला बसायला हरकत नाही. त्या रात्री मऊ भात आणि कोमट वरण, दुसऱ्या बाजूने. दुसऱ्या दिवशीही ओठ तसाच जड राहिला, तर दवाखान्यात फोन करायचा.